एक हजार नामांचे गाव

देशाच्या प्रगतीला नामे पुरतात, क्रियापदे हा निव्वळ ताप आहे. 'रस्ता' म्हटले की कागदावर रस्ता होतो. 'रस्ता करा' म्हटले की कोणाला तरी उन्हात उभे राहावे लागते. म्हणून सगळ्या शहाण्या कचेऱ्या नामांवर चालतात, आणि चुकून एखादे क्रियापद टपालात आलेच तर ते 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' दुसऱ्या कचेरीकडे लावून देतात. (तिथे त्याला वाळवी लागते.) कुरखेड्याच्या भाषा उत्कर्ष कक्षाला हे सत्य स्थापनेच्या पहिल्याच दिवशी उमगले होते. पळसटोल्याचे भाषासेवक वारलू हलामी यांना मात्र ते कळायला अख्खे वर्ष लागले, यावरून त्यांच्या डोक्याचा अंदाज यावा.

वारलूगुरुजींचे काम तसे बिनमहत्त्वाचे होते. पळसटोल्यात माणसे घरी गोंडी बोलतात आणि शाळा मराठी बोलते. या दोघांच्या मध्ये, फरशीवर, मांडी घालून वारलूगुरुजी बसत. लेकराने आधी घरची गोष्ट घरच्या बोलीत सांगायची, कोंबडी कशी पळाली, आजी कोणावर चिडली, आणि गुरुजींनी त्यातले दोन शब्द मराठीत करून त्याच्या हातावर ठेवायचे. दिवसाला दोन शब्द. एवढ्या मंद गतीने देश कुठे पोचणार, हा प्रश्न कोणालाही पडावा. पण पोरे चौथीच्या पुढे शाळेत टिकू लागली होती, आणि ही गोष्ट कक्षाच्या कोणत्याही तक्त्यात भरता येत नव्हती.

त्यातली एक पोर दुर्गा. सुकरीबाईंची नात, वय सात. ही मुलगी घरी, वाटेवर, मोहाच्या झाडाखाली अखंड बोलत असे. "हिच्या तोंडाले कुलूप कोनं लावून देत असन त मी त्याले शेरभर मोह देतो," असे आजी म्हणे. पण वारलूगुरुजी यायच्या आधी ती वर्षभर शाळेत बसली, आणि नूतन मॅडमनी विचारलेल्या एकाही प्रश्नाला उत्तर दिले नाही. मॅडम मूल गावच्या, स्वभावाने भल्या, गोंडीचा गंध नाही. त्यांनी वर्षभर वाट पाहिली आणि हजेरीपटाच्या 'व्यंग असल्यास' या रकान्यात दुर्गापुढे लिहिले : मूक.

(मॅडम तो रकाना पेन्सिलीने भरत. या भागातल्या मुलांची व्यंगे कर्मचाऱ्यांच्या बदल्यांप्रमाणे येतात-जातात, असा त्यांचा अनुभव होता.)

वारलूगुरुजी आले. दुर्गा तिसऱ्या दिवशी बोलली आणि चौथ्या दिवसापासून थांबेना. मॅडमनी हसत हसत खोडरबर फिरवला. कागदावर पुसट ठसा राहिला, पण तो उजेडात धरल्याशिवाय दिसत नसे.

असे बरे चालले असताना ब्राझीलचे शिष्टमंडळ येणार असल्याची बातमी आली. तिकडच्या जंगलातली पाच माणसे, इकडच्या जंगलातली माणसे बांबू आणि मोह कसा सांभाळतात ते पाहायला येणार होती. कक्षप्रमुख गोपाल पिपरे साहेब हे दूरदृष्टीचे अधिकारी. पाहुण्यांना काय दाखवायचे याची चिंता त्यांनी वनखात्यावर सोडली आणि पाहुण्यांशी काय बोलायचे याची चिंता स्वतःकडे घेतली. त्यांनी तातडीने चार गावांत स्पॅनिशचे वर्ग उघडले. अकरा दिवसांनी, प्रमाणपत्रे वाटून झाल्यावर, ब्राझीलमध्ये पोर्तुगीज बोलतात असे कळले. साहेब डगमगले नाहीत. प्रमाणपत्रे परत मागवून 'स्पॅनिश'वर पांढरी शाई लावली, वर 'पोर्तुगीज' लिहिले, आणि जिल्ह्यात एकशे बारा पोर्तुगीज भाषक झाल्याचे वर कळवले. ते आजही आहेत.

उरला पळसटोला, कारण पाहुणे नेमके तिथेच येणार होते. तिथे खरोखर शिकवणे भाग होते. त्यासाठी माणूस हवा होता आणि माणसासाठी पद हवे होते. साहेबांनी पद शोधले. परिपत्रक आले ते असे : 'स्थानिक भाषा स्थानिकांना जन्मतःच अवगत असल्याने तिच्यासाठी कर्मचारी नेमणे ही द्विरुक्ती होय. सबब गोंडी भाषासेवकाचे पद पोर्तुगीज भाषासेवक असे रूपांतरित करण्यात येत आहे. एकवीस दिवसांत एक हजार शब्द. पाहुणे संतुष्ट झाल्यास पदाचा फेरविचार होईल.'

वारलूगुरुजींनी परिपत्रक खिशात घातले. ते सायकल काढून कुरखेड्याला गेले.

"साहेब, मले पोर्तुगीज येत नाई."

"कोणाला येते?" साहेब म्हणाले. "म्हणून तर प्रशिक्षण आहे. आणि फेरविचार म्हटले आहे, हलामी. शब्द वाचा नीट. पाहुणे खूश झाले की तुम्ही पुन्हा तुमच्या पोरांमध्ये."

या एका शब्दाच्या भरवशावर गुरुजींनी होकार दिला. सोबत एका हमीपत्रावर सही घेतली गेली : पाहुण्यांसमोर नामांखेरीज काहीही बोलणार नाही.

प्रशिक्षणाला चंद्रपूरहून रंजीता मॅडम आल्या. त्यांनी पोर्तुगीजवरचा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ पाहिला होता, तोही दोनदा, त्यामुळे विदर्भात त्यांच्या तोडीचे कोणी नव्हते. त्यांनी सांगितलेली रीत ऐकून गुरुजींचे डोळे पांढरे झाले. इंग्रजी नाम घ्यावे. शेवटचे 'शन' उडवावे. त्या जागी नाकातून 'साँव' म्हणावे. झाले पोर्तुगीज. नेशनचे नासाँव, ऑपरेशनचे ओपेरासाँव. ज्या नामांना 'शन' नसते आणि 'टी' असते त्यांना 'दाजी' लावावे : कम्युनिटीचे कोमुनिदाजी, इलेक्ट्रिसिटीचे इलेत्रिसिदाजी. काही शब्द या रीतीला जुमानत नाहीत, पण मॅडमच्या मते ती त्या शब्दांची चूक होती.

"आणि वाक्य कसं करायचं जी?" गुरुजींनी विचारले.

"वाक्य अभ्यासक्रमात नाही," मॅडम म्हणाल्या. खरेच नव्हते.

या रीतीचे मोठेपण असे की तिच्यासाठी गावाला काही शिकावेच लागत नाही. इंग्रजी नामे पळसटोल्यात आधीच येऊन पडली होती. कक्षाने पाहणी केली तेव्हा त्रेचाळीस घरांच्या या टोल्यात 'शन'वाली दोनशे चौदा नामे नांदताना आढळली, आणि त्यांपैकी वस्तुरूपाने नऊ. (दहावी वस्तू पाहणीच्या दिवशी दुरुस्तीला गेली होती.) माणसांना व्हॅक्सिनेशन ठाऊक होते, खोलीला कुलूप होते. इलेक्ट्रिफिकेशन ठाऊक होते, खांब उताणे पडले होते. सुकरीबाईंना तर एकच नाम पाठ होते.

"पेन्शन," त्या म्हणाल्या. "नाव मायीत हाये जी. भेटलं नाई."

"आता त्याले पेन्साँव म्हना, बाई."

"म्हनलं त भेटन का?"

"नाई."

"मंग काऊन म्हनाचं?"

गुरुजींनी यादीतले पुढचे नाम वाचले, कारण उत्तराला क्रियापद लागले असते आणि ते अभ्यासक्रमात नव्हते.

वाटप काटेकोर झाले. एक हजार भागिले त्रेचाळीस, म्हणजे घरटी तेवीस नामे. उरलेली अकरा शकुबाईंच्या नावावर चढवली, कारण त्या दिवशी त्या मार्कंड्याच्या जत्रेला गेल्या होत्या आणि हरकत घ्यायला घरी नव्हत्या. (परत आल्या तेव्हा त्यांच्या वाट्याला चौतीस नामे आली होती. "मी देवाले गेलो त मायावर एवढं बोझं काऊन?" असे त्या आठवडाभर विचारत होत्या.) मोह पडायचे दिवस. पहाटे टोपल्या घेऊन सारे गाव झाडाखाली, आणि वारलूगुरुजी एका झाडाखालून दुसऱ्या झाडाखाली यादी घेऊन हिंडताहेत, असे ते दृश्य होते. एक एक फूल उचलावे, एक एक नाम म्हणावे. मोह टोपलीत जमत होता. नामे कुठे जात होती कळत नव्हते.

शाळा त्या एकवीस दिवसांत तशीच राहिली. फरशीवरची जागा रिकामी. दुर्गा रोज दारात उभी राहून गुरुजींना हाक मारी आणि गुरुजी हातातली यादी वर करून दाखवीत. तिला आठवड्याने त्या यादीचा इतका राग आला की तिने एक पान बकरीला खाऊ घातले. तेवढी सव्वीस नामे पुन्हा मागवावी लागली.

पाठांतराने भागत नाही असे दिसल्यावर रंजीता मॅडमनी पाट्यांची कल्पना काढली. ज्या वस्तूचे नाम, तिच्यावर पाटी. कुरखेड्याच्या देवाजी पेंटरने तीन दिवस खपून त्या रंगवल्या. कुलूपबंद आरोग्यखोलीवर 'वासिनासाँव'. उताण्या खांबांवर 'इलेत्रिसिदाजी'. ग्रामसभेच्या चिंचेखाली 'कोमुनिदाजी'. पण पाट्या होत्या हजार आणि वस्तू नऊ. गुरुजींनी हे साहेबांच्या नजरेला आणले, तेव्हा साहेबांनी जो तोडगा काढला तो पाहून माणसाने टोपीच काढावी. ज्या वस्तू गावात नाहीत त्यांच्या पाट्या, त्या वस्तू जिथे असायला हव्यात तिथे, सागाच्या खुंटावर ठोकाव्यात. नाल्यावर पूल नव्हता, तिथे पाण्यात खुंट रोवून 'कोन्स्त्रुसाँव'. नळ नव्हता तिथे 'दिस्त्रिबुइसाँव'. पाटी वाचायला पाण्यात उतरावे लागे हे खरे, पण पूल नसल्याने तसेही उतरावेच लागे.

तीन दिवसांत पळसटोला इतका विकसित दिसू लागला की जंगलाकडे जाणाऱ्या वाटेवर बैल अडखळू लागले.

पाहुणे आले. पाच जण, त्यांच्या म्होरक्या मार्लेनी नावाच्या साठीच्या बाई, पायांत झिजलेले बूट. त्यांचा दुभाषा पोट बिघडून नागपुरातच राहिला होता. कक्षाला हा शुभशकुन वाटला, कारण आता प्रशिक्षणाचा कस लागणार होता. गाव दोन रांगांत उभे राहिले. पिपरे साहेबांनी मान हलवली, आणि त्रेचाळीस घरांनी आपापली नामे नाकातून सोडायला सुरुवात केली. इन्फॉर्मासाँव! पोपुलासाँव! सोलुसाँव! शकुबाईंनी चौतीसच्या चौतीस म्हटली आणि शेवटी दम लागून खाली बसल्या.

मार्लेनीबाई आधी हसल्या. मग गोंधळल्या. मग पुढच्या नामाची नव्हे, त्याच्या पुढे काही येईल याची वाट पाहू लागल्या. अडीचशे नामांनंतरही काही येईना, तेव्हा त्यांनी हात पसरून खांद्यांनीच विचारले, मग? पुढे काय? साहेबांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांना भाषांतर लागत नाही.

पुढे शाळा होती. दारात दुर्गा होती. मार्लेनीबाई गुडघ्यावर बसल्या, तिच्या डोळ्यांच्या उंचीला आल्या, आणि त्यांच्या भाषेत काहीतरी हळू आवाजात बोलल्या. दुर्गाला शब्द कळला नाही. पण कोणीतरी आपल्यासमोर खाली बसले आहे, एवढे तिला कळले, आणि खाली बसणाऱ्या माणसाशी बोलायचे असते हे तिला गुरुजींनी शिकवले होते. ती बोलली. हात नाचवत, पाट्यांकडे बोट दाखवत, गुरुजींकडे बोट दाखवत, थेट दोन मिनिटे. सुकरीबाईंनी पदर तोंडाला लावला.

मार्लेनीबाईंनी वर पाहिले. काय म्हणाली ही?

साहेबांनी रंजीता मॅडमकडे पाहिले, त्यांनी नूतन मॅडमकडे, नूतन मॅडमनी जमिनीकडे. जिल्ह्याच्या भाषा उत्कर्षाचे सारे बळ त्या अंगणात हजर होते आणि सात वर्षांच्या पोरीचे बोलणे कळणारा त्यांत एकच कर्मचारी होता. त्याचे हमीपत्र साहेबांच्या फायलीत होते.

वारलूगुरुजी एक पाऊल पुढे आले. गप्प राहिले तर फेरविचार होणार होता. ते बोलले.

"दुर्गा म्हनते, आजी, ह्या पाट्या तुमच्या घरी घेऊन जा. आमाले नाई पायजे. आमच्या गुरुजीले इथीच राहू द्या. गुरुजी नसले का मी शाळेत काईच नाई बोलत, आन् मंग मॅडम मले मुकी लिवते."

"हलामी," साहेब दबक्या आवाजात म्हणाले, "नामापुरतं बोला."

आता हे मराठीतून इंग्रजीत न्यायचे काम रंजीता मॅडमकडे आले. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आले होते, हे नमूद केले पाहिजे. पण त्या शिस्तीच्या होत्या. एवढ्या मोठ्या मजकुरातून 'शन'वाले नाम काढणे सोपे नव्हते. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "अ‍ॅप्रिसिएशन."

"आप्रेसियासाँव?" मार्लेनीबाईंनी विचारले. पाट्यांकडे पाहिले. पोरीच्या चेहऱ्याकडे पाहिले. कौतुक करणारे लेकरू असे दिसत नाही, हे त्यांना कळले असावे, कारण त्यांनी वहीत काहीतरी लिहिले आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. साहेबांनी ते पाहिले आणि त्यांना धन्य वाटले.

पंधरा दिवसांनी मार्लेनीबाईंचे पत्र आले. दोन पाने, पोर्तुगीजमध्ये. कक्षाने त्याचे रीतसर भाषांतर हाती घेतले. पत्रात 'साँव' फक्त चार ठिकाणी सापडला. बाकी मजकूर क्रियापदांचा असल्याने लागला नाही. सबब टिप्पणी अशी : 'ओळखता न आलेला मजकूर अभिनंदनपर समजण्यात यावा.' तसा तो समजण्यात आला, आणि पत्राला चौकट करून साहेबांच्या खुर्चीमागे लावण्यात आले.

वारलूगुरुजी ते पाहायला गेले होते. त्यांनाही काही लागले नाही. पण तिसऱ्या ओळीत एक शब्द ओळखीचा निघाला, तो म्हणजे दुर्गा. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह होते. प्रश्नचिन्ह सगळीकडे सारखेच काढतात. गुरुजी बराच वेळ त्याच्यासमोर उभे राहिले आणि मग शिपायाने पंखा बंद केला.

"साहेब, थ्या बाईनं पोरीबद्दल इचारलं हाये. उत्तर धाडा ना जी. मी सांगतो काय लिवायचं."

"अभिनंदनाला उत्तर नसतं, हलामी. आभार असतात. ते कळवले."

फेरविचारही झाला, शब्द दिल्याप्रमाणे. आदेश एका पानाचा होता : 'पळसटोला येथील भाषिक अडसर जागतिक पातळीवर दूर झाल्याने भाषासेवकाचे पद उद्दिष्टपूर्तीस्तव समाप्त करण्यात येत आहे. श्री. हलामी यांच्या यशाबद्दल कक्षास अभिमान वाटतो.' गुरुजींनी आदेश दोनदा वाचला. त्यांना संताप आला, आणि संतापाहून जास्त लाज वाटली, कारण पोरीने भर अंगणात त्यांच्यासाठी तोंड उघडले होते आणि आपण त्यावर आलेला प्रश्न चौकटीबाहेर काढू शकलो नाही. सायकल हातात धरून ते कुरखेड्याहून पळसटोल्यापर्यंत चालत आले. नाल्यातल्या 'कोन्स्त्रुसाँव'ला धरून पलीकडे गेले. (एवढा त्या पाटीचा उपयोग झाला.)

जूनमध्ये शाळा उघडली. नूतन मॅडमनी नवा हजेरीपट काढला, नावे घातली. दुर्गाला पुढे बोलावून त्यांनी मायेने विचारले, सुट्टीत काय केलंस? दुर्गाने फरशीवरच्या रिकाम्या जागेकडे पाहिले. मॅडमनी पुन्हा विचारले. मग तिसऱ्यांदा. मग त्यांनी 'व्यंग असल्यास' हा रकाना गाठला आणि दप्तरात पेन्सिल शोधली. पेन्सिल सापडेना. समोर पेन होते.

वाचकहो, हे वाचून तुम्हाला साहेबांचा राग आला असेल, आणि तो येणे तुमच्या संवेदनशीलतेला शोभते. फक्त एक लहानशी नोंद करून कक्ष आपली रजा घेतो. ही कथा वाचता वाचता तुम्हाला पोर्तुगीजमधली डझनभर नामे आली आहेत, दोनचार तर तुम्ही नाकातून म्हणूनही पाहिली. दुर्गा दोन मिनिटे गोंडीत बोलली. तिचा एकही शब्द या कथेत छापलेला नाही, आणि तो कुठे आहे असे तुम्ही अजून विचारलेले नाही. तुमचे प्रमाणपत्र तयार आहे, येऊन घेऊन जावे.